चार नंबरची बाटली

"थांबा वैनी, बसू नका. स्वल्प ढिली आहे."

एवढं म्हणून ते माझ्या हातातली खुर्ची काढून घ्यायचे, उलटी करायचे आणि शर्टाच्या खिशातून वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचे. इतर माणसांच्या खिशाला पेन असतं, ह्यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. त्याच्या वजनानं त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे एका बाजूला ओघळलेले असायचे. दोन पिळे, तीन पिळे, मग खुर्ची सरळ करून ती दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. ती हलली नाही की म्हणायचे, "सरी. आता बसा." स्वल्प म्हणजे थोडी, सरी म्हणजे ठीक; दोन्ही कानडी.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर चहाच्या आधी दाराची कडी तपासणारा. अशा माणसाचा सुरुवातीला वैताग येतो. मला तर फारच आला.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पुण्याहून बेंगळुरात आलो. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरची, माझी घरी बसून चिडचिड करण्याची. जे. पी. नगरात वरचा मजला भाड्यानं मिळाला. खालच्या मजल्यावर हे आणि त्यांची बायको. आम्ही त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायला लागलो, त्यात आमचं कौतुक काही नाही. बेंगळुरात निम्मं गाव अण्णा असतं आणि उरलेलं निम्मं अक्का. बेळगावकडची माणसं, चाळीस वर्षं इथं राहिलेली. बोलायला मराठी, चिडायला कानडी. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपातून अण्णा निवृत्त झाले होते, एवढंच मला ठाऊक होतं.

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी ते वर आले. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून काही हवं-नको विचारतील. त्यांनी गॅसवरचा माझा कुकर उचलला, त्याचं हँडल हलवलं आणि म्हणाले, "पुण्यात हे कोणी बघितलं नाही काय?" मी रागानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता.

दर रविवारी सकाळी आमचं मराठी मंडळ भरायचं. एका शाळेचा हॉल आणि लोखंडी घडीच्या चाळीस खुर्च्या. अण्णा अर्धा तास आधी येऊन एकेक खुर्ची हलवून बघायचे. मंडळाचे सेक्रेटरी नागपूरचे, अंगानं दणकट आणि आवाजानं त्याहून दणकट. त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा अण्णांनी मुलाच्या वडिलांना भर बैठकीत उठवून उभं केलं होतं. "दोन मिनिटं सर, स्वल्प ढिली आहे." व्याही होऊ घातलेला तो गृहस्थ हातात पोह्यांची बशी घेऊन उभा, आणि अण्णा त्याच्या खुर्चीखाली आडवे. लग्न जमलं. सेक्रेटरी अजून म्हणतात की ते अण्णांमुळं जमलं नाही, अण्णा असूनही जमलं.

मंडळाची वर्षातून एक सहल निघायची. ती म्हैसूरला जायची. कधी म्हैसूरला जाऊन श्रीरंगपट्टणला यायची, कधी श्रीरंगपट्टणला जाऊन म्हैसूरला यायची. त्या वर्षीच्या बैठकीतही सेक्रेटरींनी "तर मग म्हैसूर" असं म्हणून वही मिटायला घेतली, तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर आला. अण्णांचा. खुर्ची दुरुस्त करण्याखेरीज मंडळात त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. मद्रासच्या बंदरात एक जुनी संशोधन बोट होती. साठीच्या दशकात समुद्राचा तळ, पाणी, मासे ह्यांचा अभ्यास करायला ती महिनोन्महिने फिरलेली. आता ती मोडीत निघणार होती. त्याआधी आठ दिवस लोकांना आत जाऊन बघायला खुली ठेवणार होते.

"अण्णा, मद्रासपर्यंत जाऊन मोडकी बोट बघायची?" सेक्रेटरी म्हणाले. "तिच्यात बघायचं काय?"

"बोट बघायची की," अण्णा म्हणाले.

"तुम्ही आधी पाहिलीय का?"

"न्हाई. म्हणून तर."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, बंदरात पायऱ्या फार असतील. कोणीतरी विचारलं, जवळपास देऊळ कुठलं आहे. अण्णा कात्रण हातात धरून उभेच होते. बसले नाहीत. मला त्यांची दया आली असं म्हणणं खोटं होईल. मला म्हैसूरचा राजवाडा तिसऱ्यांदा बघायचा नव्हता. म्हणून मी उभी राहून म्हणाले, "माझं अनुमोदन आहे." अण्णांनी वळून माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या मतलबीपणाची थोडी लाज वाटली.

सकाळी साडेसहाची गाडी दुपारी बारा-साडेबाराला मद्रासला पोचायची आणि पावणेचारच्या गाडीनं परत. मद्रासचं चेन्नई झालं होतं की होऊ घातलं होतं ते आता आठवत नाही, आम्ही सगळे मद्रासच म्हणत होतो. सत्तावीस माणसं निघाली. सेक्रेटरींच्या गळ्यात शिट्टी. पुण्याच्या दोन बायकांनी बोटीची पूजा करायला नारळ आणि हळदकुंकू घेतलं होतं. समुद्र न पाहिलेल्या आणि पाहिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांनी उलटीवरच्या गोळ्या घेतल्या होत्या. बोट धक्क्याला बांधलेली असणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अक्का गुडघ्यांमुळं आल्या नाहीत. त्यांनी चपात्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. तो डबा अण्णांनी माझ्याकडं दिला, कारण त्यांच्या मांडीवर एक कॅनव्हासची पिशवी होती आणि ती ते खाली ठेवत नव्हते. जड होती. गाडीला हिसका बसला की पिशवीतलं काहीतरी टणकन वाजायचं.

"अण्णा, लोणच्याची बरणी आणली काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बाटली आहे," अण्णा म्हणाले.

अख्खा डबा हसला. पुढं तासभर त्यांना बाटलीवरून चिडवणं चाललं होतं. ते चिडले नाहीत. बंगारपेट गेल्यावर लोक पेंगायला लागले, तेव्हा त्यांनी पिशवीतलं टॉवेलात गुंडाळलेलं ते माझ्यापुढं धरलं.

हातभर लांबीची पितळी नळी होती. दोन्ही तोंडांना झडपा, अंगाला एक पकड, आणि त्या पकडीला बोटांनी पिळायचा स्क्रू. इतकी घासलेली, की त्यात माझं तोंड दिसत होतं. वरच्या बाजूला आकडा कोरलेला. चार.

"ही समुद्राचं पाणी आणायची बाटली, वैनी," ते म्हणाले आणि मग त्यांनी मला ती समजावून दिली. बोटीवरून एक लांब तार खाली सोडतात. तिला थोड्याथोड्या अंतरावर अशा बाटल्या बांधायच्या. सगळ्या आपापल्या खोलीला पोचल्या की वरून तारेवर एक वजन सोडायचं. ते सरसरत खाली जाऊन बाटलीवर आदळलं की झडपा मिटतात, आणि त्या खोलीचं पाणी आत कोंडलं जातं. त्या वजनाला ते निरोप्या म्हणत. "निरोप्या पोचला की दार बंद."

बोटीसाठी अशा बारा बाटल्या बेंगळूरच्या वर्कशॉपात तयार झाल्या. बाराच्या बारा ह्यांच्या हातच्या. तेव्हा ते तिशीचे, लेथवर बसणारे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. समुद्रापासून दोनशे मैलांवर बसून त्याच्या तळाची बाटली करणाऱ्या त्या माणसाला सगळं वर्कशॉप मानत असे.

"मग पहिल्याच फेरीवरून पत्र आलं. चार नंबरची बाटली समुद्रात गेली. पकडीच्या स्क्रूचे आटे ढिले होते. वर्कशॉपचा दोष."

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. कोणाच्या हातचं काम, म्हणून विचारलं. मग ते पत्र ह्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांना लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. खिडकीतून हात पुढं येणार, चिठ्ठीवर असतील तेवढे स्क्रू मोजून द्यायचे. इतकी वर्षं लेथचा आवाज भिंतीपलीकडून ऐकायचा. पुन्हा एकदाही त्यांना लेथला हात लावू दिला नाही.

"पण आटे खरंच ढिले होते का?" मी विचारलं.

अण्णांनी त्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "असणार, वैनी. ती केली त्या दिवशी मला मुलगा झाला. दुपारी निरोप आला, मुलगा झाला म्हणून. चार नंबरच्या स्क्रूचे आटे तेवढे कापायचे राहिले होते. कापले आणि पळालो. लावून तपासलं न्हाई. बाकी अकरा तपासल्या. ही एकच तपासली न्हाई. आणि गेली ती हीच."

ही नवी चार नंबर त्यांनी निवृत्तीनंतर केली होती. आनेकलच्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं छोटं वर्कशॉप होतं. दर शनिवारी बसनं तिथं जायचे. अक्का मला म्हणायच्या, "म्हातारा देवाला जातो बघा आनेकलला." बाटलीचा आराखडा जवळ नव्हता. तीस वर्षांपूर्वीची मापं डोक्यात होती. चार महिने लागले.

"जागा रिकामी असंल न्हवं तिथं," ते म्हणाले. "मोडायच्या आधी भरून यायची. बस्स, एवढंच."

मी ती बाटली टॉवेलात नीट गुंडाळून परत दिली. माझ्या कुकरचं हँडल आठवलं आणि वाईट वाटलं.

बंदराच्या दाराशी पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली. त्याला कळेना हे काय आहे. आमच्यातल्या कोणालाच तमिळ येत नव्हतं. सेक्रेटरी दणदणीत आवाजात "पंप, पंप" म्हणाले आणि आम्ही आत गेलो.

बोट मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. पांढरा रंग उडालेला, बाजूंनी गंजाचे ओघळ. फळीवरून वर चढलो तर एक पांढऱ्या दाढीचे, जाळीची टोपी घातलेले गृहस्थ उभे. बायकांनी नारळ बाहेर काढताच ते म्हणाले, "बाई, नारळ आपटू नका, डेक आधीच फुटायला आलाय." चक्क मराठीत. आम्ही सगळे बघतच राहिलो.

रत्नागिरीकडचे होते. पोरवयात ह्याच बोटीवर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन, म्हणजे खलाशांचे मुकादम होऊन, निवृत्त झाले. आता शेवटचे आठ दिवस बोट दाखवायला त्यांना बोलावून घेतलं होतं. इतक्या दिवसांनी मराठी ऐकून त्यांची कळी खुलली. "आपलीच मंडळी. या, या. बेंगळूर? तिथं कशी काय गेलात?" म्हणत त्यांनी आम्हाला इंजिनघर दाखवलं, शास्त्रज्ञांच्या अरुंद खोल्या दाखवल्या, तार गुंडाळायचं मोठं चक्र दाखवलं. अण्णा त्या चक्राशी थांबले, त्याच्या एका बोल्टावर अंगठा ठेवला आणि पुढं निघाले. एरवी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला असता.

मग सारंग आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेले. भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर बारा जागा. प्रत्येक जागेखाली पांढऱ्या रंगात आकडा. अकरा पितळी बाटल्या काळवंडून लटकत होत्या. चारच्या जागी नुसता हूक.

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती.

"इथली एक कुठं गेली?" सेक्रेटरींनी विचारलं. लोकांनी विचारावं म्हणूनच सारंग थांबले असावेत. खुलून सांगायला लागले.

"ती होय? ती माझ्या हातनं गेली. पयलाच फेरा माझा. बाटली तारेला लावायची, पकडीचा स्क्रू पिळायचा, सोडायची. एवढंच काम. मी बाटली लावली आणि तेवढ्यात उडते मासे आले. आयुष्यात पयल्यांदा बघितले. ह्या बाजूनं पन्नास उडाले, त्या बाजूला पडले. मी आ वासून बघत राह्यलो. स्क्रू पिळायचा राह्यला. बाटली गेली खाली."

लोक हसायला लागले.

"साहेब धावत आला. मी बोललो, मी तर पिळला होता, आटेच ढिले होते. साहेबानं लिवून टाकलं, आटे ढिले. काय करणार? खरं बोललो असतो तर पुढच्या बंदरात उतरवला असता. घरी आई आणि तीन बहिणी. बेंगळूरच्या वर्कशॉपवाल्याच्या नावावर गेली बिचारी."

सगळे मनमुराद हसले. सेक्रेटरी तर टाळ्या वाजवत होते. गोष्ट सारंगांनी शंभरदा सांगितलेली असणार, तिला छान धार आली होती.

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. एका माणसाचं सगळं आयुष्य खिडकीमागं गेलं आणि ही त्याची हसायची गोष्ट. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या मनगटावर अण्णांचा हात आला. घट्ट.

"राहू दे, वैनी," ते हळूच म्हणाले.

सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली. डेकवर फोटो काढायचा होता. सगळे वर गेले. अण्णा हलले नाहीत म्हणून मीही थांबले. सारंग दार लावायला वळले आणि आम्हा दोघांना पाहून थबकले. चेहऱ्यावरचं मघाचं हसू राहिलं नव्हतं.

"तुमी बेंगळूरची मंडळी म्हणून इचारतो," ते म्हणाले. "हसण्यावारी सांगतो मी ही गोष्ट. पण तो बाटली करणारा माणूस होता ना, त्याचं काय झालं असंल हो? नोकरी गेली असंल काय त्याची? कोणाला इचारायचं? बेंगळूरचं कोणी कधी बोटीवर आलंच नाय."

माझ्या मनगटावरचा हात सुटला.

"मी होतो त्या वर्कशॉपात," अण्णा म्हणाले. "न्हाई. त्याची नोकरी काय गेली न्हाई."

"तिथला साहेब बोलला असंल त्याला."

"काय बोलला न्हाई. सरी म्हणाला. समुद्राचं काम आहे, एखादी जायचीच, म्हणाला. दुसरी कर म्हणाला." त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला. "त्यानं केली की. ही बघा. पाठवायची तेवढी राहून गेली."

मी भिंतीकडं तोंड केलं. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

सारंगांनी ती बाटली दोन्ही हातांत घेतली. चारचा आकडा अंगठ्यानं पुसून बघितला. काळ्या अकरा बाटल्यांत ती एकटी लखलखीत. त्यांनी ती हुकाला अडकवली आणि मागं सरकले.

"थांबा," अण्णा म्हणाले. "हूक स्वल्प ढिला आहे."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दोन पिळे, तीन पिळे. मग बाटली धरून गदागदा हलवली. ती हलली नाही. सारंग त्या हातांकडं बघत होते, स्क्रूड्रायव्हरकडं बघत होते. माणसांच्या हातांकडं बघून त्यांना कामं वाटून देण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"तुमी काय काम करत होता वर्कशॉपात?" त्यांनी विचारलं.

"मी स्टोअरला होतो. स्क्रू द्यायचो."

सारंगांनी अण्णांचा हात स्क्रूड्रायव्हरसकट आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. वरून शिट्टी वाजत होती.

"त्याला माझा सलाम सांगा," शेवटी ते म्हणाले.

"सांगतो की," अण्णा म्हणाले.

सारंगांना कळलं का? मला वाटतं, कळलं. ते आम्हाला फळीपर्यंत सोडायला आले नाहीत. डेकवरून इतर मंडळी हात हलवून आम्हाला बोलावत होती आणि ते तिथंच, त्या खोलीच्या दारात उभे होते.

परतीच्या गाडीत अण्णांनी सीट न हलवता बसकण मारली. पिशवी घडी करून मांडीखाली ठेवली. मी मात्र धुमसत होते. काटपाडी येईपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "अण्णा, का नाही सांगितलंत? त्याच्या एका खोट्यासाठी तुम्ही तीस वर्षं भोगलंत. आणि वर त्याच्या गोष्टीला लोक हसले."

"त्यानं विचारलं न्हवं, त्या माणसाचं काय झालं म्हणून?" अण्णा म्हणाले. "तीस वर्षांत वर्कशॉपातल्या एकानं विचारलं न्हाई, वैनी. त्यानं विचारलं."

 

बाहेर भाताची खाचरं मागं जात होती. ते खिडकीकडं बघतच म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी आटे बरोबर कापले होते मी."

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

"घाईत होतो, तरी बरोबर कापले." मग म्हणाले, "पोराच्या वाढदिवसाला मी कधी धड गोड खाल्लं न्हाई. त्याची आई म्हणायची, ह्यांना आनंदच न्हाई. उगाच हो. त्या पोराचा काय संबंध होता?"

आणि मग ते रडले. आवाज नाही, काही नाही. टॉवेल रिकामा होता, त्यानं तोंड पुसलं. समोर सेक्रेटरी घोरत होते.

पुढच्या रविवारी मी मंडळात जरा लवकर गेले. अण्णा आधीच आलेले आणि एक खुर्ची उलटी घालून तिच्यावर वाकलेले. मला गंमत वाटली आणि थोडी निराशाही झाली. मला वाटलं होतं, आता हे सुटेल.

"आता कशाला अण्णा? आटे तर बरोबर होते ना?"

"आटे बरोबर होते," ते वर न बघता म्हणाले. "खुर्ची ढिली आहे."

त्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाला ते सकाळीच जिना चढून वर आले. मुलगा तिकडं नागपूरला नोकरीला होता, आणि हे इथं बेळगावच्या कुंद्याचा डबा घेऊन आमच्या दारात. मला एक वडी दिली, नवऱ्याला एक दिली आणि स्वतः तिथंच उभ्यानं दोन खाल्ल्या. अक्का खालून ओरडत होत्या, साखर आहे तुम्हाला, किती खाता. मुलाला फोनवर ते काय बोलले कोणास ठाऊक. पण अक्का मला संध्याकाळी म्हणाल्या, बाप-लेक अर्धा तास बोलत होते, एवढं तर लग्न ठरवतानाही बोलले नव्हते.

बोट त्याच वर्षी मोडली. बाटल्यांचं काय झालं, आम्हाला कळलं नाही. मी एकदा चौकशी करू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कशाला? बाराच्या बारा होत्या की जाताना."

दोन वर्षांनी ते गेले. एका गुरुवारी सकाळी दूध आणायला म्हणून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि तिथंच बसले. मी वरून पाहिलं तेव्हा मला वाटलं, फाटकाची बिजागरी बघताहेत. ती ते नेहमीच बघायचे, म्हणून मी हाक मारली नाही. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रविवारी मंडळाची शोकसभा होती. सेक्रेटरी बोलायला उभे राहणार होते. सगळे येऊन आपापल्या खुर्चीपाशी थांबले. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पण बसण्याआधी पहिल्या रांगेतल्या एका बाईनं आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. मग तिच्या शेजारच्यानं. मग मागच्या रांगेनं. हॉलभर लोखंडाचा तो खडखडाट थोडा वेळ चालला, आणि कोणी हसलं नाही.

मीही माझी खुर्ची हलवून पाहिली. आदल्या रविवारीच त्यांनी सगळ्या बघितल्या होत्या. चाळीस खुर्च्यांतली एकही ढिली नव्हती.